चावी

एकवीस वर्षं मी औशात पाणी सोडलं.
खांद्याएवढी उंच लोखंडी चावी
सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली.
आठ दिवसांतून एकदा, उन्हाळ्यात बाराव्या दिवशी,
रात्री अडीचला खड्ड्यात उतरायचं
आणि मोजून साडेदहा आटे, डावीकडं.

आधी यायची हवा.
गल्लीभर नळ फुसफुसायचे, खोकायचे.
बाया अंधारात घागरी धरून उभ्या.
"आलं का हो, हंपल्लेमामा?"
"थांबा उलीसं. दम घेतंय."

गळती कानानं शोधायची असते.
चावीचं एक टोक पायपावर, दुसरं कानामागच्या हाडाला,
मग तीन फूट मातीखाली
पाणी कुठं वाया जातंय ते ऐकू येतं.
लातूरहून आलेल्या इंजिनीयरला ते यंत्रानंही कळलं नव्हतं.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार,
सहाची गाडी, लातूर, तिसऱ्या खिडकीजवळची खुर्ची.
डाव्या हाताची नीला-रोहिणी
डॉक्टरांनी एकमेकींना जोडून दिली.
असली बेकायदा कनेक्शनं
मी औशात शंभरेक तोडली असतील.

दोन सुया. एकीतून रक्त जातं, दुसरीतून येतं.
जाताना लाल, येतानाही लाल.
मधल्या चार तासांत काय काय गाळलं,
ते नळी सांगत नाही. निकहत सिस्टर
कागदावर आकडा लिहिते : दोन किलो सातशे.
एवढं मी अंगात साठवून हिंडत होतो,
भरलेल्या हंड्यासारखा.

एका माणसाला एका खेपेला सव्वाशे लिटर पाणी लागतं,
तेही गाळून गाळून चव काढून टाकलेलं.
मी मनात घागरी मोजल्या. आठ.
आणि मला दिवसाला अर्धा लिटर,
चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं धरून.
बायको सकाळीच तांब्यात मोजून ठेवते
आणि वर झाकण ठेवते, मांजराला नाही, मला.

निलंग्याला भाचीच्या लग्नात
मठ्ठा दोन पेले जास्त झाला.
रात्री आडवं होता येईना.
तीन उशा, मग भिंत, मग नुसतं बसणं,
छातीत बुडबुडे, नळ यायच्या आधी असतात तसे,
फक्त उलटे.
खालची वाट बंद असली की पाणी वर चढतं,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

लघवी बंद होऊन दोन वर्षं झाली.
गाडी थांबते, सगळे भिंतीकडं जातात.
कंडक्टर विचारतो, "मामा, तुमचं?"
"माझं लातूरला. मशीन करते."
तो हसतो. मीही हसतो.
मग काचेतून बघत बसतो
ती ओली भिंत, हेव्यानं.

हृदयात चार व्हॉल असतात, डॉक्टर म्हणाले.
"सोडतो कोण?" मी विचारलं.
त्यांना तो विनोद वाटला.
दिवसाला लाखभर वेळा, चावी न लावता,
प्रत्येक गल्लीला, चढावर, उतारावर,
पायाच्या करंगळीतल्या शेवटच्या घरापर्यंत.

माझ्या लायनीवर शेवटचं घर करीमनबीचं.
पाणी तिथं करंगळीएवढं पोचायचं.
नगरसेवकाच्या बोळाला मी दीड आटा जास्त द्यायचो.
ती कधी भांडली नाही.
भरेल तेवढं भरायची, तोटी नीट बंद करायची.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.
सुई टोचताना निकहत म्हणते, "बोलत राहा, मामा,"
तेव्हा हे तोंडाशी येतं,
आणि मी पावसाचं काहीतरी विचारतो.

रात्री झोप येत नाही.
डावा हात उशीवर घेऊन त्यावर कान ठेवतो.
कातडीखाली भणभण, अखंड,
मेन लायनीला असते तशी.
ती थांबली तर लगेच यायचं, असं बजावलंय.

कधी माझ्याच कानावर विश्वास बसत नाही.
मग बायकोला उठवतो.
ती अर्धवट झोपेत मनगटाला कान लावते,
घागर धरल्यासारखी वाट बघते.
"येतंय," म्हणते.
"जोरात?"
"बेताचं," म्हणते, आणि कूस बदलते.